अमेरिका मराठीतूनही वाचू या





यंदा शाळेच्या ग्रंथालयासाठी कोणती पुस्तके घ्यावीत, याची चर्चा सुरू आहे. काही पालकांचे म्हणणे आहे की, अमेरिकेसारख्या देशाची माहिती इंग्रजी पुस्तकांतूनच मिळावी. मुलांना पुढे हैदराबादला, आणि जमल्यास त्याही पुढे जायचे आहे. ही तळमळ मला समजते. इंग्रजी पुस्तके अवश्य घ्यावीत. परंतु त्यासाठी अमेरिकेविषयीची मराठी पुस्तके कपाटातून हलवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा हा आग्रह केवळ भाषेच्या अभिमानाचा आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेबद्दल मराठीत ज्यांनी लिहिले, त्यांनी आपल्या घरच्या प्रश्नांची उत्तरे तिकडे शोधली. हे त्या पुस्तकांचे वेगळेपण आहे.

महात्मा जोतीराव फुले अमेरिकेला कधी गेले नाहीत. तेथे १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. पुढे आठच वर्षांनी, १८७३ साली, जोतीरावांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. त्यांचे उदाहरण घेऊन आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडवावे, ही त्यामागची इच्छा होती.

पंडिता रमाबाई मात्र प्रत्यक्ष गेल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिले. तेथील स्त्रियांचे शिक्षण आणि त्यांच्या संस्था यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. पण कृष्णवर्णीयांना आणि तेथील मूळ रहिवाशांना मिळणारी वाईट वागणूकही त्यांनी लिहून ठेवली. परक्या देशाकडे कसे पाहावे, याचा हा उत्तम धडा आहे. दिपून जाऊ नये आणि नाकही मुरडू नये.

तिसरे पुस्तक आपल्या मुलांच्या सर्वात जवळचे आहे. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली प्रसिद्ध झाले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीत जन्मले, अत्यंत कष्टाने शिकले आणि १८९६ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील शाळेत शेतीचे शिक्षक म्हणून आले. वर्षानुवर्षे एकटा कापूस घेऊन तिकडची जमीन थकली होती. चवळी, भुईमूग घ्या, रताळी लावा, पिके बदला, असे ते शेतकऱ्यांना सांगत राहिले. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही, म्हणून १९०६ साली त्यांच्या संस्थेने जनावरांनी ओढायची गाडी तयार करून शाळाच शेतावर नेली.

कापूस, काळी माती आणि कर्ज यांची ओळख आदिलाबादच्या मुलाला कोणी वेगळी करून द्यावी लागत नाही. वेचणी सुरू झाली की आमच्या वर्गातील हजेरीच ते सांगते. अमेरिकेचा इतिहासही आपल्या भागाला नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात कापसाचे भाव चढले. युद्ध संपताच ते कोसळले. दूरच्या देशात काही घडले की आपल्या बाजारात भाव हलतो, हे तेव्हापासूनचे आहे.

विद्यार्थ्यांनो, कार्व्हर वाचून केवळ 'कष्ट करा, यश मिळेल' एवढाच बोध घेऊ नका. एक प्रश्नही विचारा. पिके बदलणे हिताचे होते, तर तिकडचा शेतकरी ते सहज का करू शकत नव्हता? कारण पुष्कळांची जमीन बटईची होती, बी-बियाणे आणि घरखर्च उधारीवर चाले, आणि उधारी देणाऱ्याला कापूसच हवा असे. ज्ञान असूनही हात बांधलेले असू शकतात. हा प्रश्न घेऊन आपल्या आजोबांकडे जा. कपाशीत तुरीचे तास का ठेवतात, हे ते तुम्हाला सांगतील. कार्व्हर चवळीबद्दल जे सांगत होते, तेच तूर करते. ती हवेतील नत्र जमिनीला देते.

आणि येथेच मराठीचे महत्त्व आहे. मुलाने इंग्रजी पुस्तक वाचले तर त्याची इंग्रजी सुधारते, हे चांगलेच आहे. परंतु तेच पुस्तक मराठीत असेल तर रात्री जेवणानंतर ते मोठ्याने वाचले जाते. आई ऐकते, आजोबा मध्येच थांबवून म्हणतात, "हे आपल्याकडे चालणार नाही," आणि चर्चा सुरू होते. शाळेत शिकलेले आणि शेतात जाणलेले यांची अशी भेट व्हायला दोघांना समजेल अशी भाषा हवी. आपली मुले बाहेर तेलुगू आणि हिंदी बोलतात, परीक्षेसाठी इंग्रजी शिकतात. घरातल्या मोठ्यांशी असे वाद घालण्याची भाषा मात्र मराठीच आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, ही तीन पुस्तके ग्रंथालयात ठेवावीत आणि 'एक होता कार्व्हर'च्या निदान दहा प्रती घ्याव्यात. आठवी-नववीसाठी आठवड्यातून एक तास वाचनाचा ठेवण्याची जबाबदारी मी घेतो. पालकांनी मुलाला घरी मोठ्याने वाचायला सांगावे आणि न पटेल तेथे त्याला जरूर अडवावे.

आपली मुले उद्या अमेरिकेला गेली तर आनंदच आहे. पण जाणारा असो वा राहणारा, त्या देशाला प्रश्न विचारण्याची सवय त्याला येथेच लागावी.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक