सुट्टी संपली, वर्गात परत किती जण आले?

जूनचा दुसरा आठवडा लागला की नगरच्या माळीवाडा आणि तारकपूर बसस्थानकांवर पाठीला सॅक आणि हातात पिठाची पिशवी घेतलेली मुलं उतरताना दिसतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा अशा तालुक्यांतून आलेली. कुणी वसतिगृहात निघालेलं असतं, तर कुणी चौघांत मिळून घेतलेल्या खोलीवर. कोण परत आलं ते आपल्याला दिसतं. कोण आलं नाही, ते मात्र दिसत नाही.

आपल्या समाजात शिक्षणाची चर्चा दोन वेळा होते. एकदा दहावी-बारावीच्या निकालानंतर, गुणवंतांच्या सत्काराच्या निमित्ताने, आणि दुसऱ्यांदा पदवी किंवा नोकरी मिळाल्यावर. या दोन टोकांच्या मधे प्रथम वर्षातून द्वितीय वर्षात जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. सामाजिक कामाच्या निमित्ताने गेली काही वर्षं जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये फिरताना माझं एक मत पक्कं झालं आहे. आपली मुलं परीक्षेत नापास होऊन जितकी गळतात, त्याहून जास्त मे आणि जून या दोन महिन्यांत गळतात. तीही गुपचूप.

केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातला उच्च शिक्षणातला एकूण प्रवेशदर २८.४ टक्के होता आणि अनुसूचित जातींचा २५.९. दरी कमी होतेय, हे खरंच आहे आणि ते आपल्या आधीच्या पिढ्यांच्या कष्टाचं फळ आहे. पण हा आकडा प्रवेशाचा आहे. प्रवेश घेतलेला मुलगा पुढच्या जूनमध्ये वर्गात आला का, हे त्यातून कळत नाही.

सुट्टी नेमकी कुणाची?

क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा असा हा चौदा तालुक्यांचा जिल्हा. एकीकडे प्रवरेच्या पाण्यावर उभे राहिलेले साखर कारखाने, दुसरीकडे पाथर्डी-जामखेडचा ऊसतोडीला जाणारा कोरडा पट्टा. या कोरड्या पट्ट्यातल्या आपल्या मुलांना 'समर व्हेकेशन' नावाची गोष्ट माहीत नाही. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी काम सुरू. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांद्याची काढणी, घोडेगावच्या कांदा मार्केटला हमाली, सुपा किंवा नगर एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा तासांची पाळी, लग्नसराईत वाढप्याचं काम, शिर्डीत हॉटेलवर वेटर. दोन महिन्यांत हातात जे पडतं, त्यातून आधी घरची उधारी फिटते. उरलेल्यावर कॉलेजचं वर्ष सुरू होतं.

यात एक धोका असतो. ठेकेदार जूनमध्ये म्हणतो, "थांब की अजून दोन महिने, पगार वाढवतो." घरात आई आजारी असेल, बहिणीचं लग्न झालेलं असेल, तर मुलगा थांबतो. दोन महिन्यांचे सहा होतात. त्याने शिक्षण सोडायचं ठरवलेलं नसतं. तो फक्त परत जायचा राहून जातो.

गावी परतणं म्हणजे गावच्या जातीच्या चौकटीत परतणं, हेही आपल्या जिल्ह्याला सांगायची गरज नाही. खर्ड्यात १७ वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला तो २८ एप्रिल २०१४ रोजी. शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून नर्सिंगच्या विद्यार्थ्याला मारलं गेलं ते मे २०१५ मध्ये. खर्डा प्रकरणातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. म्हणून कॉलेजला परतणं आपल्या मुलासाठी केवळ वर्ग भरण्यापुरतं नसतं. ज्या जागी त्याला आडनावाआधी हजेरी क्रमांकाने हाक मारतात, तिथे तो परत जात असतो. कॉलेजांत जात नाही असं मी म्हणत नाही. पण तिथे निदान तक्रार करायला जागा आहे आणि सोबतीला चार मित्र आहेत.

कागदांचा उन्हाळा

सुट्टीतलं दुसरं काम म्हणजे कागद. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणजे दर एप्रिलनंतर तलाठी, सेतू, तहसील ही फेरी नव्याने. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे की नाही, हे तपासायला वेगळी फेरी. मोबाइल नंबर बदलला असेल तर ओटीपी येत नाही, म्हणून आणखी एक. एकेका फेरीला एकेक रोज बुडतो.

ज्यांच्याकडे जातीचा दाखलाच नाही, त्यांची वाट आणखी लांब. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. मग गावच्या जुन्या शाळेत आजोबांचा निर्गम उतारा शोधायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकातली जन्माची नोंद शोधायची. कागद मोडीत असेल तर तो वाचणारा शोधायचा. १९५६ साली धम्म स्वीकारून आजोबांनी जी जात टाकली, तिचाच कागद नातवाला प्रांत कार्यालयात द्यावा लागतो. महाराष्ट्रात राज्य स्थापनेच्या काळापासून आणि केंद्रात १९९० पासून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, त्या संघर्षातून मिळाल्या. त्यामुळे हा दाखला काढताना कुणी कमीपणा मानू नये. मात्र त्याची तयारी बारावीचा निकाल लागल्यावर सुरू करून चालत नाही. ती दहावीतच व्हायला हवी.

पैसे येतात, पण केव्हा?

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आपल्या दोन-तीन पिढ्या या शिष्यवृत्तीवर शिकल्या. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची नवी रचना मंजूर केली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. राज्याने आपला हिस्सा दिल्यावर केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो.

कागदावर ही सुधारणा आहे, कारण मधले गैरव्यवहार थांबतात. व्यवहारात मात्र तिचा एक परिणाम झाला. पूर्वी सरकारकडून उशिरा येणारे पैसे हा कॉलेज आणि सरकार यांच्यातला प्रश्न होता. आता तो कॉलेज आणि विद्यार्थी यांच्यातला प्रश्न झाला आहे. मागच्या वर्षाची शिष्यवृत्ती खात्यात आलेली नसते, आणि द्वितीय वर्षाच्या प्रवेशाला खिडकीवर विचारणा होते, "मागची फी भरली का?" गेल्या वर्षी एका मुलीबरोबर मी अशा खिडकीपुढे उभा होतो. क्लार्कने तिला तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या खेपेला आम्ही लेखी मागितलं, "प्रवेश का देत नाही ते कागदावर द्या." त्याच दिवशी तिचा प्रवेश झाला.

हे लक्षात ठेवा. केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. पात्र विद्यार्थ्याला आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा आणि शिष्यवृत्ती आल्यावर त्याने फी भरावी, हाच तिचा हेतू. ही तरतूद किती विद्यार्थ्यांना माहीत आहे?

आता रकमेकडे पाहू. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता वर्षाला मिळतो वसतिगृहात राहत असेल तर ६,००० रुपये आणि घरून ये-जा करत असेल तर ३,०००. म्हणजे महिन्याला पाचशे किंवा अडीचशे. पाचशे रुपयांत खानावळीचा आठवडाही निघत नाही. उत्पन्नाची मर्यादा २०१३ पासून अडीच लाखांवर थांबली आहे. त्याच काळात ओबीसींच्या क्रीमी लेयरची आणि आर्थिक दुर्बल घटकांची मर्यादा आठ लाख झाली. त्यांची वाढली याचं दुःख नाही. आपली का वाढत नाही, हा प्रश्न आहे.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर २०१७ पासून स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, नगरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. योजना चांगली आहे, पण पैसे हजेरीनंतर, हप्त्याने येतात. घरमालक डिपॉझिट जूनमध्ये मागतो. आणि मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आपल्या हक्काचा निधी दुसरीकडे जातो, तेव्हा शिष्यवृत्तीसाठी पैसे नाहीत हे उत्तर आपण ऐकून घ्यायचं का?

मुलींचा जून

मुलींचं परतणं आणखी अवघड. मे महिना लग्नांचा. नातेवाइकांच्या लग्नात 'स्थळ' निघतं आणि "पुढचं शिक्षण सासरी करील" असं ठरतं. त्यात प्रवासाचा खर्च. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास देणारी योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाची आहे, पण ती बारावीला संपते. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, आणि आता जिल्ह्यालाही त्यांचं नाव आहे. त्यांच्या नावाचा पास पदवीपर्यंत चालावा, ही मागणी जिल्ह्यातूनच उठायला हवी. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण याच नगरमध्ये मिस फॅरार यांच्याकडे घेतलं होतं. त्या गावात मुलगी पासाच्या पैशांसाठी घरी बसत असेल, तर आपण नुसती जयंती करून काय उपयोग?

नव्या शैक्षणिक धोरणाकडेही याच नजरेने पाहावं लागेल. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी अशी मधेच बाहेर पडण्याची सोय त्यात आहे. ज्याच्याकडे पर्याय आहे, त्याच्यासाठी ही सोय. पण फीअभावी घरी बसलेल्या मुलीच्या हातात एक वर्षाचं प्रमाणपत्र दिलं, की ती गळती न राहता 'निवड' ठरते. मग सरकारला कुणी प्रश्न विचारायचा?

लंडनला परतलेला विद्यार्थी

१९१७ साली एका विद्यार्थ्यालाही शिष्यवृत्ती संपल्याने शिक्षण अर्धवट टाकून लंडनहून परतावं लागलं होतं. विद्यापीठाने त्याला चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी दिली. तो १९२० मध्ये परतला, १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी झाला. आपण बाबासाहेबांच्या पदव्या पाठ करतो, पण ते परत कसे गेले हे कमी सांगतो. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. स्वतःची कमाई, राजाश्रय आणि मित्राचं बिनशर्त कर्ज, या तिन्हींच्या बळावर ते परतले.

आजचा आपला विद्यार्थी स्वतःची कमाई करतोच आहे. सरकारची शिष्यवृत्ती उशिरा का होईना, येते. कमी आहे ती तिसरी गोष्ट. जून ते शिष्यवृत्ती येईपर्यंतची खिंड ओलांडायला हात देणारा भथेना त्याला भेटत नाही. तो आपला समाज होऊ शकतो.

वर्षावासात काय करता येईल?

 आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांत वर्षावास असतो, रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाच्या याद्या, स्वाधारची कागदपत्रं यांची धावपळही साधारण याच महिन्यांत असते. मग आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनानंतर अर्धा तास विद्यार्थ्यांसाठी का नको?

पहिलं काम यादीचं. वस्तीतली कोण मुलं-मुली कुठे शिकतात, हे एका वहीत लिहा. जूनअखेरीस प्रत्येकाला फोन करून विचारा, "परत गेलास का?" हे विचारणारं कुणी आहे, एवढ्यानेही मुलं थांबतात.

दुसरं, 'जून निधी'. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा बाजूला ठेवा. गरजू विद्यार्थ्याला खोली, खानावळ, पास यांसाठी बिनव्याजी द्या आणि शिष्यवृत्ती आली की परत घ्या. वहीत सही घ्या, पण नाव जाहीर करू नका. मदत घेणाऱ्याचा फोटो स्टेटसला टाकला, तर पुढच्या वर्षी कुणी मागायला येणार नाही.

तिसरं, सरकारला आणि कॉलेजांना मोकळं सोडू नका. निधीमुळे एक जून निभेल, पण हक्क सुटता कामा नये. कॉलेजने प्रवेश अडवला तर कारण लेखी मागा आणि ते घेऊन समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा. माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी प्रथम वर्षात अनुसूचित जातीचे किती विद्यार्थी होते आणि यंदा द्वितीय वर्षात किती आहेत? सर्व तालुक्यांतून उत्तरं आली, तर गळतीचा आकडा आपल्या हातात असेल. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या रचनेचं २०२५-२६ हे शेवटचं वर्ष होतं. उत्पन्नमर्यादा आणि निर्वाह भत्ता वाढवा ही मागणी करायची असेल, तर ती आकड्यासह करावी लागेल.

पुढच्या आठवड्यात तुमच्या वस्तीतून कॉलेजला निघालेलं कुणी बसथांब्यावर दिसलं, तर शुभेच्छा द्याच. मग घरी येऊन वही काढा आणि त्या बसमध्ये कोण नव्हतं, त्याचं नाव लिहा. आपलं काम त्या नावापासून सुरू होतं.

जयभीम.