नरक्याचे अमृत कोणाला?

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

आमच्या रानात नरक्या नावाचे एक झाड आहे. फुलले की घाण वास सुटतो, म्हणून त्याला घाणेराही म्हणतात. त्याच झाडाचे तिसरे नाव अमृता. हे नाव मात्र मला कॉलेजात आल्यावर कळले.

माझे गाव चंदगड तालुक्यात, घाटमाथ्याला लागून. दहावीच्या पुढे शिकणारा घरातला मी पहिलाच. मी शाळेत असताना थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, एका व्यापाऱ्याला नरक्याची लाकडे तोडून दिली. किलोमागे थोडे रुपये मिळाले. ‘कशाला लागतंय?’ असे विचारले तर तो म्हणाला, ‘रंगाला.’ पुढे टेम्पो धरला गेला. व्यापारी सुटला, खटला आबांवर झाला.

यंदा ग्रंथालयात खरी हकीकत वाचली. १९६६ साली अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल व डॉ. मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. १९७२ मध्ये तेच द्रव्य नरक्यात सापडले. पेशीची वाढ होताना तिच्यातील डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी एक धागा क्षणभर तुटतो व पुन्हा सांधला जातो. कॅम्प्टोथेसिन हा सांधा जुळू देत नाही आणि भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी मरते. त्यापासून तयार झालेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे आज अंडाशयाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात.

या संशोधनापुढे मी नतमस्तक आहे. परंतु लाकडात हे द्रव्य अगदी अल्प असते, म्हणून झाडामागून झाड पडते. कीर्ती प्रयोगशाळेला, पैसा व्यापाऱ्याला आणि खटला आबांना, ही वाटणी न्यायाची आहे काय?

कोणी म्हणेल, किंमत कळली तर चोरी वाढेल. अहो, चोराला ती केव्हाच कळली आहे! कळली नाही ती रानाशेजारी राहणाऱ्यालाच. २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावासाठी समिती आहे, लाभात वाटाही आहे. आमच्या घरी हे कोणालाच ठाऊक नव्हते. रान न तोडता रोपे बांधावर लावता येतील. पण त्याआधी ज्ञान गावाच्या भाषेत गावात पोचले पाहिजे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी ते आम्हांला समजावून द्यावे. मराठीत गावोगाव सांगण्याचे काम आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे.

दिवाळीच्या सुटीत मी आबांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “कॅन्सरचं औषध व्हय ते? मग आदी का कुनी सांगितलं न्हाई?”

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर आपणा शिकणाऱ्यांनाच द्यावयाचे आहे.