घर आणि यंत्र : आधीं पेट्रोल, मग वारा

इंग्लंडांत स्थायिक झालेल्या आमच्या पुतण्याचें पत्र गेल्या महिन्यांत आलें, आणि त्यासोबत एका पिस्टनचें छायाचित्र. पिस्टनच्या माथ्यावर रुपयाएवढें भोंक पडलेलें व भोंवतालचा धातु मेणासारखा ओघळलेला. सौ. वहिनींनीं चष्मा लावून तें पाहिलें आणि "हें करपलेलें पातेलें कोणीं धाडलें?" म्हणून विचारलें. प्रश्न अगदींच गैर नव्हता.

चिरंजिवांची गाडी १९५२ सालची, एम. जी. टी. डी. या जातीची. इंजिन चार सिलिंडरांचें, १२५० घन सेंटिमीटरांचें. शक्ति सुमारें ५४ अश्वांची. तीस त्यानें त्या काळचा एक सुपरचार्जर मिळवून बसविला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच बळानें फिरणारा भाता. साधें इंजिन आपला श्वास आपणच घेतें. येथें वारा त्याच्या पोटांत कोंबला जातो. वारा अधिक, म्हणून पेट्रोल अधिक जळतें, आणि म्हणून शक्ति अधिक. भाता बसविल्यावर त्यानें गाडी घराभोंवतीं दोन-चार मैल पळविली. सर्व उत्तम. मग एका रविवारीं वेल्समधील लांब चढावर ती पूर्ण वेगानें घातली, आणि माथा गांठण्यापूर्वींच तिसरा पिस्टन गेला.

दोष भात्याचा नव्हता. भाता बसविणारानें पेट्रोलचा मार्ग मात्र सत्तर वर्षांपूर्वींचा तसाच ठेविला होता.

आमच्या वाचक भगिनींस फुंकणीची ओळख निराळी करून देण्याचें कारण नाहीं. परंतु चुलीशीं असलेलें साम्य फार लांब नेतां येत नाहीं. चुलींतील लांकडें संपलीं तर चूल विझते. इंजिनांत पेट्रोल किंचित् कमी पडलें तर तें अधिकच तापतें. पूर्ण ज्वलनास वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा लागते. भात्याच्या इंजिनास पूर्ण जोरावर मात्र एकास बाराच्या आसपास, म्हणजे मुद्दाम जास्त पेट्रोल द्यावें लागतें. तें जादा पेट्रोल वाफ होतांना उष्णता शोषून घेतें. तें आटलें कीं उष्णता वाढते, मिश्रण शिस्तीनें जळण्याऐवजीं एकदम भडकतें, आणि मोटारवाले ज्यास नॉकिंग म्हणतात तो ठोका सुरू होतो. आंतील ज्वाला २००० अंशांच्या वर, आणि अ‍ॅल्युमिनियम वितळतें ६६० अंशांस. पुढें काय होतें तें छायाचित्रांत आहेच.

मग घराभोंवतालच्या फेरीत कांहींच कसें कळलें नाहीं? कार्बोरेटरास फ्लोट चेंबर नांवाची वाटीएवढी टांकी असते. थोडा वेळ जोर लाविला तर इंजिन त्या वाटींतील साठ्यावर भागवून घेतें. चढ लांबला म्हणजे पंपाचा पुरवठा आणि इंजिनाचा खप यांची खरी गांठ पडते. वाटींतील पातळी हळूहळू खालीं जाते, आणि चालकास त्याची वार्ताही नसते. लहान फेरीवर विसंबणें म्हणजे चार पाहुण्यांच्या पंक्तीवरून लग्नाचें जेवण पार पडेल असें ठरविणें होय.

म्हणून हिशेब आधीं. भात्याच्या इंजिनास दर अश्वशक्तीस तासाला पाव किलोहून थोडें अधिक पेट्रोल लागतें. भाता बसल्यावर ही गाडी ८० अश्वशक्ति देईल असें धरलें, तर तासास सुमारें २९ लिटर, म्हणजे मिनिटास अर्धा लिटर. आतां नळी फ्लोट चेंबरापाशीं सोडवून, पंप चालवून, मिनिटभरांत किती पेट्रोल येतें तें मापाच्या भांड्यांत धरावें. मोजणी पंपाच्या तोंडाशीं करूं नये, कारण मधली नळी व गाळणीही तितकीच म्हातारी असते. हें काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावें. मिळणारें पेट्रोल हिशेबाच्या दीडपट असावें. कमी भरल्यास दांडगा पंप आणून बसविण्याचा मोह होतो, तो आवरावा. या जुन्या एस. यू. कार्बोरेटरांची सुई मंद दाबाकरितां केलेली असते. दाब वाढला तर ती उचलली जाऊन पेट्रोल बाहेर वाहतें, आणि तप्त नळकांड्यावर पडलें तर गाडी पेटते. नळी रुंद करावी, गाळणी बदलावी, सुईचें छिद्र मोठें घ्यावें. दाब तितकाच ठेवावा. जेट व इग्निशन यांची जुळवाजुळव त्यानंतर.

भाता कार्बोरेटराच्या पुढें कीं मागें, हाही प्रश्न आहेच. १९२९ सालीं निघालेल्या साडेचार लिटरच्या 'ब्लोअर' बेंटलींत भाता दोन कार्बोरेटरांतून तयार मिश्रण ओढून घेई. १९२८ सालच्या मर्सिडीज एस. एस. के. मध्यें पेडल तळाला दाबलें कीं भाता जुंपला जाई व कार्बोरेटरांत वारा दाबी. अशा रचनेंत फ्लोट चेंबरासही तोच दाब द्यावा लागतो, नाहीं तर पेट्रोल आल्या वाटेनें परत फिरेल. ज्यांनीं प्राइमस स्टोव्हला पंप मारला आहे त्यांस हें सांगावयास नको.

बेंटलीचा जनक डब्ल्यू. ओ. बेंटली यास भाता मुळींच पसंत नव्हता. शक्ति हवी तर इंजिन मोठें करा, असें त्याचें मत. टिम बर्किननें तरीही आग्रह धरला. १९३० सालीं ल मां येथें भात्याच्या दोन्ही बेंटली शर्यत पुरी करूं शकल्या नाहींत. जिंकली ती बिनभात्याची साडेसहा लिटरची बेंटली. त्याच वर्षीं पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्यें बर्किन आपली भात्याची अवजड गाडी घेऊन दुसरा आला, हेंही सांगितलें पाहिजे. आमचें मन बेंटलीकडे झुकतें. पण घरांतील तरुण मंडळी बर्किनच्या पक्षाची आहे.

आज आणखी एक भर पडली आहे. ब्रिटनमध्यें २०२१ पासून साध्या पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. आपल्याकडे तें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें आहे. इथेनॉलास हवा कमी लागते, एकास अवघी नऊ. म्हणून २० टक्के मिश्रणास जेटमधून सुमारें ८ टक्के अधिक माल सोडावा लागतो. इथेनॉल नॉकिंगला आळा घालतें हें खरें, परंतु तें जुन्या रबरी नळ्या व बुचाचे फ्लोट खातें, पाणी ओढतें, आणि टांकीच्या तळचा गाळ सोडवून गाळणींत आणून भरतें. इकडे कोणाच्या वाड्यांत आजोबांची मोटार अजून चालती असेल, तर भाता नसला तरी तिच्या नळ्या आधीं बदलाव्या.

पुतण्यास आम्हीं मोजणी करावयास लिहिलें. त्याचें उत्तर कालच आलें : मिनिटास ३०० मिलिलिटर. नवा पिस्टन त्यानें अद्याप मागविलेला नाहीं. आधीं नळी काढली आहे.