बारावीच्या पुढची एसटी

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, मुंबई यांस,

गडचिरोली जिल्ह्यातल्या कॉलेज विद्यार्थ्यांचे गाऱ्हाणे महामंडळाला नवे नाही. आगारात निवेदने पोचली, विभागात पोचली, त्यांच्यावर पोचीचे शिक्केही बसले. पुढे काही झाले नाही. म्हणून आता हे पत्र उघडपणे, सगळ्यांच्या देखत.

खेड्यातली मुलगी पाचवीत गेली की अहिल्याबाई होळकर योजनेतून तिला एसटीचा मोफत पास मिळतो. आठवीपासून मानव विकास कार्यक्रमाची निळी बस तिच्या वाट्याला येते. राज्यातल्या 125 तालुक्यांसाठी, तालुक्यामागे सात, अशी ही सोय आहे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा धरून ही बस चालवायची, असा तिचा हेतूच आहे. या दोन योजनांनी मुलींना बारावीपर्यंत आणले आणि त्याचे श्रेय महामंडळाला द्यायलाच हवे. पण बारावीचा निकाल लागतो आणि दोन्ही सोयी एकाच दिवशी संपतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला पदवीला प्रवेश मिळतो. त्या कॉलेजच्या वेळेला गाडी आहे का, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

राज्य सरकारने 8 जुलै 2024 रोजी शासन निर्णय काढला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. चांगला निर्णय. पण ज्या घरी चारचाकी सोडा, दुचाकीही नाही, त्या घरातल्या मुलीने वर्गापर्यंत पोचायचे कसे? शुल्क माफ करणारे सरकार आणि फेरी रद्द करणारे महामंडळ एकाच राज्याचे आहेत.

आता पासाचा हिशेब. कॉलेज विद्यार्थ्याला 66.67 टक्के सवलत मिळते. दहा दिवसांचे भाडे भरायचे आणि महिनाभर प्रवास करायचा. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले आणि त्याबरोबर पासही वाढला. हे पैसे आगाऊ घेतले जातात. नंतर सकाळी थांब्यावर गाडी येत नाही. चौकशी खिडकीवर उत्तर ठरलेले असते: गाडी नादुरुस्त, चालक नाही, नाहीतर भारमान (पुरेसे प्रवासी) नाही. मग काळी-पिवळी जीप शोधायची आणि रोख भाडे मोजायचे. कॉलेजचे महिन्याचे दिवस साधारण पंचवीस धरू. त्यातले दहा दिवस खासगी गाडीने जावे लागले आणि तिचे भाडे एसटीइतकेच धरले, तरी पासाचे दहा आणि हे दहा मिळून वीस दिवसांचे पैसे गेले. कागदावरची दोन तृतीयांश सवलत प्रत्यक्षात पाचव्या हिश्श्यावर येते. रद्द झालेल्या फेरीचे पैसे पासधारकाला कोणी परत करत नाही, पासाची मुदतही वाढवून देत नाही. मजुरीवर घर चालवणाऱ्या बापाने पै-पै जोडून भरलेला हा पैसा आहे.

पैशांहून मोठे नुकसान हजेरीचे होते. परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. सकाळची तासिका साडेसात-आठची असते आणि गाडी साडेनऊला टेकते. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके दुपारभर चालतात आणि परतीची शेवटची गाडी त्याआधीच निघालेली असते. प्रात्यक्षिक अर्धे टाकून उठायचे की अंधारात जंगलातल्या थांब्यावर उभे राहायचे, यातले एक निवडावे लागते. मुलगा कसातरी निभावतो, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गाव गाठतो. मुलीचे आई-वडील दोन-तीनदा असे झाले की सांगतात, आता घरीच राहा. असे शिक्षण सुटल्याची नोंद कोणत्याही आगाराच्या वहीत होत नाही.

गडचिरोलीचाच आग्रह का, तर इथे एसटीला पर्याय नाही. जिल्ह्याचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 10 लाख 72 हजार. प्रवाशांसाठी रेल्वे स्थानक एकच, उत्तर टोकाला देसाईगंज-वडसा येथे. वडसा-गडचिरोली लोहमार्गाचे काम कित्येक वर्षे चालू आहे. महामंडळाच्या गडचिरोली विभागात गडचिरोली, अहेरी आणि ब्रह्मपुरी ही आगारे. त्यातले ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्यात. म्हणजे प्रत्यक्ष जिल्ह्यात आगारे दोन, एकेका आगारामागे 7,206 चौरस किलोमीटर. राज्याचे क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर आणि आगारे सुमारे अडीचशे. सरासरी काढली तर आगारामागे बाराशे-साडेबाराशे. गडचिरोलीतल्या आगारावर सरासरीच्या जवळपास सहापट मुलूख आहे. सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरच्या पुढे. भामरागडहून आलापल्लीला यायचे तर साठेक किलोमीटर जंगल ओलांडायचे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की तालुकाच तुटतो. एवढ्या प्रदेशात एक गाडी बिघडली तर तिच्या जागी पाठवायला दुसरी हाताशी नसते.

गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये स्थापन झाले ते याच अंतरांमुळे. नागपूरचे विद्यापीठ लांब पडते, म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांना स्वतंत्र विद्यापीठ दिले गेले. विद्यापीठाने पुढे 'विद्यापीठ आपल्या गावात' हा उपक्रम काढला आणि पदवीचे वर्ग गावात नेले. प्राध्यापक गावात जाऊ शकतात, तर महामंडळाची गाडी वर्गाच्या वेळेला का येऊ शकत नाही?

अधिकारी भारमानाचे कारण देतात, ते नीट तपासायला हवे. साडेनऊच्या गाडीत विद्यार्थी बसत नाहीत, कारण तोवर तासिका संपत आलेली असते. विद्यार्थी नाहीत म्हणून भारमान पडते. भारमान पडले म्हणून फेरी बंद होते. वेळ चुकीची ठरवायची महामंडळाने आणि शिक्षा भोगायची विद्यार्थ्यांनी, हा अन्याय आहे. कोरोना आणि त्यामागोमाग ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 चा एसटी कामगारांचा संप, या काळात ग्रामीण भागातल्या अनेक फेऱ्या बंद पडल्या आणि त्यातल्या कितीतरी परत सुरूच झाल्या नाहीत. संप मिटून कामगार परतले. फेऱ्या का परतल्या नाहीत, याचा जाब कोणी विचारायचा?

तोटा खरा आहे. एसटीच्या आर्थिक स्थितीवरच्या 2025 च्या श्वेतपत्रिकेत संचित तोट्याचा आकडा 10,322 कोटी रुपये आला. पण विद्यार्थी सवलतीची रक्कम राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते. ती वेळेवर येत नसेल, तर भांडण मंत्रालयाशी करावे. त्याची वसुली एटापल्लीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीकडून करू नये. शिवाय मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, 1950 मधले कलम 18 महामंडळावर पुरेशी, कार्यक्षम आणि सुसूत्र प्रवासी सेवा पुरवण्याचे कर्तव्य टाकते.

नियोजन जमत नाही, हेही पटत नाही. आषाढीला पंढरपूरसाठी 5,000 च्या वर जादा गाड्या महामंडळ सोडते आणि लाखो वारकऱ्यांना सुखरूप नेते-आणते. महाराष्ट्राला त्याचा अभिमान आहे. ज्यांना एवढे जमते, त्यांना जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या तासिकांची वेळापत्रके मागवून सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या बसवणे अशक्य नाही. सुरजागडच्या खाणीतले लोहखनिज वाहणारे ट्रक एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्याने दिवसरात्र धावतात. त्याच रस्त्यावर वह्या छातीशी धरून पोरे गाडीची वाट पाहतात. खनिज वेळेवर निघते. मुलांनी का मागे राहायचे?

1 जानेवारी 2025 रोजी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत अहेरी-गर्देवाडा बस सुरू झाली. एप्रिलमध्ये काटेझरीला पहिल्यांदा एसटी पोचली. स्वातंत्र्याला 77 वर्षे उलटल्यावर गावात लाल गाडी आली. गावकऱ्यांना झालेला आनंद खरा होता. त्या गावांतली मुले बारावी होतील, तेव्हा ती गाडी कॉलेजच्या वेळेला येणार का, हे आजच ठरवायला हवे.

2015 मध्ये लातूर जिल्ह्यात पासाचे 260 रुपये नाहीत म्हणून एका विद्यार्थिनीने जीव दिला. त्यानंतर सरकार हलले आणि दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना मोफत पास मिळाले. एक जीव गेल्यावर जे सुचले, ते आधीही सुचू शकले असते. गडचिरोलीत तशी वेळ येण्याची वाट महामंडळाने पाहू नये.

मागण्या अशा. जूनचे वेळापत्रक ठरवण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यात आगारप्रमुखांनी प्राचार्य आणि विद्यार्थी प्रतिनिधींना समोर बसवावे. सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची कॉलेज फेरी कोणत्याही मेळाव्यासाठी, सभेसाठी वा भारमानासाठी रद्द होऊ नये. रद्द झालीच, तर तेवढे दिवस पासाची मुदत आपोआप वाढावी. लांबच्या गावांत मुक्कामी गाड्या परत सुरू कराव्यात आणि चालक-वाहकांच्या निवाऱ्याची नीट सोय करावी. तीही माणसेच आहेत. मुलींचा मोफत पास पदवीपर्यंत न्यावा. दरवर्षी 5,000 नव्या बस घेण्याची घोषणा झाली आहे, त्यातल्या अहेरी आणि गडचिरोली आगारांना किती, हे आकड्यात जाहीर करावे. जिल्ह्याच्या दक्षिण भागाला आणखी एक आगार द्यावे.

आश्वासने या जिल्ह्याने पुष्कळ ऐकली आहेत. या पत्राचे उत्तर लेखी द्यावे आणि त्यात प्रत्येक फेरीची वेळ व ती सुरू होण्याची तारीख असावी.