जंतू ओळखा, औषध पुरे घ्या



‘इन्फेक्शन झाले आहे,’ असे डॉक्टर सांगतात. आपण मान हलवतो आणि चिठ्ठी घेऊन घरी येतो. पण कशाचे इन्फेक्शन, हे विचारत नाही. ते आज थोडे समजून घेऊ.

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. तो इतका बारीक असतो की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. सगळेच जिवाणू वाईट नसतात. रात्री दुधाला विरजण लावले की सकाळी दही होते, ते जिवाणूंचेच काम. रोग करणारे त्या मानाने थोडे. आकारावरून त्यांचे मुख्य प्रकार असे :

गोल जिवाणू : घसा सुजणे, गळू होणे, न्यूमोनिया हे रोग बरेचदा यांच्यामुळे होतात. मुलाचा घसा दुखून गेला आणि काही आठवड्यांनी सांधे सुजले, तर दुर्लक्ष करू नका. तो संधिवाताचा ताप असू शकतो आणि त्याने हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात.

काडीसारखे जिवाणू : क्षय, टायफॉईड, धनुर्वात आणि प्लेग यांचे जंतू या प्रकारचे. धनुर्वाताचा जंतू मातीत व शेणात असतो. म्हणून जखमेवर माती किंवा शेण कधीही लावू नये. साबण-पाण्याने जखम धुवावी आणि इंजेक्शन घ्यावे.

वाकडे व पिळाचे जिवाणू : पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो आणि दूषित पाण्यातून येतो. लेप्टोचा जंतू पिळदार असतो आणि उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. पायाला जखम असताना अशा पाण्यातून जावे लागले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

आता मुद्द्याची गोष्ट. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तेथून पुण्यात पसरला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्या वेळी प्लेगचा जंतू सापडला होता, पण त्याला मारणारे औषध नव्हते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. ते प्लेगवर चालले आणि क्षयावरही चालले. जे औषध त्या माउलीला मिळाले नाही, ते आज आपल्या हाती आहे. त्याचे आपण काय करतो?

क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या की महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंगात ताकद येते. घरचा कर्ता माणूस म्हणतो, ‘बरा झालो, आता खाडे परवडत नाहीत,’ आणि गोळ्या सोडतो. पण चिवट जंतू आत शिल्लक असतात. ते पुन्हा वाढतात आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. मग उपचार अधिक अवघड होतो. तेच जंतू खोकल्यातून लेकरांपर्यंत पोहोचतात. म्हणून डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत, म्हणजे निदान सहा महिने, गोळ्या घ्यायच्याच.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे ही लक्षणे दिसली तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी व औषध दोन्ही मोफत आहेत. नोंद झालेल्या रुग्णाला आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात. तो आपला हक्क आहे, मागून घ्या.

आणखी एक. साधी सर्दी विषाणूची असते. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. दुकानातून मनानेच गोळ्या आणू नका, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या शेजारणीला देऊ नका.

क्षय लपवण्याची गोष्ट नाही. तो कुणाच्या पापाने होत नाही, जंतूने होतो. आजाऱ्याची थाळी वेगळी काढण्यापेक्षा त्याची आजची गोळी घेऊन झाली का, हे रोज विचारा.