देहबोली वाचताना

माणूस फक्त तोंडाने बोलत नाही. त्याचे डोळे बोलतात, हात बोलतात, मानही बोलते. समोरचा माणूस किती अंतरावर उभा राहतो, हात कसा पुढे करतो, नजर कोठे ठेवतो, यावरून आपण त्याच्याविषयी मत बनवतो. या न बोललेल्या भाषेला देहबोली म्हणतात. देहबोली समजणे उपयोगाचे आहे. परंतु सगळ्या माणसांची देहबोली एकच असते, असे मानणे चूक आहे. कधी कधी त्यातून दुसऱ्यावर अन्यायही होतो.

प्रथम आपल्या दोन भाषांकडे पाहू. आश्चर्य वाटले की मराठी माणूस तोंडात बोट घालतो. उर्दू बोलणारा दातांखाली बोट दाबतो. पुन्हा असे करणार नाही, हे सांगताना मराठी माणूस कानाला खडा लावतो. उर्दू बोलणारा कान पकडतो. या दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्या आहेत, म्हणून त्यांच्या खुणाही जवळच्या आहेत. सगळीकडे मात्र असे नसते.

अंगठ्याचेच उदाहरण घ्या. आज मोबाइलवर उभा अंगठा पाठवला की त्याचा अर्थ ‘छान’ किंवा ‘ठीक आहे’ असा होतो. पण उर्दूतील ‘अंगूठा दिखाना’ आणि मराठीतील ‘ठेंगा दाखवणे’ यांचा अर्थ साफ नकार देणे असा आहे. इराणमध्ये तर वर केलेला अंगठा पूर्वीपासून शिवीसारखा मानला जातो. मान हलवण्याचेही तसेच आहे. बल्गेरियात होकार देताना मान आडवी हलवण्याची रीत आहे. तुर्कस्तानात नकार देताना मान मागे झटकतात. आपल्याकडचा पाहुणा तेथे गेला तर त्याला ‘हो’ आणि ‘नाही’ समजणेही कठीण होईल.

अशा चुका मोठ्या माणसांकडूनही होतात. १९९२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होते. कॅनबेरा शहरात मोटारीतून जाताना त्यांनी लोकांना दोन बोटे दाखवली. ही त्यांच्या देशातील विजयाची खूण होती. पण त्यांच्या हाताची पाठ लोकांकडे होती, आणि ऑस्ट्रेलियात त्या खुणेचा अर्थ शिवी असा होतो! वर्तमानपत्रांत या गोष्टीची बरीच चर्चा झाली.

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने या विषयाचा खोल अभ्यास केला. त्याचे ‘द सायलेंट लँग्वेज’ हे पुस्तक १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. बोलताना दोन माणसांत किती अंतर असावे, याचेही प्रत्येक समाजात अलिखित नियम असतात, असे त्याने दाखवले. अमेरिकन माणसाला हातभर अंतर बरे वाटते. अरब माणूस त्याहून जवळ येऊन बोलतो. मग एक पुढे सरकतो आणि दुसरा मागे सरकतो. एकाला वाटते, हा अंगावर येतो. दुसऱ्याला वाटते, हा तुटकपणे वागतो. प्रत्यक्षात दोघांच्याही मनात काही वाईट नसते.

एप्रिल २००५ मध्ये सौदी अरेबियाचे युवराज अब्दुल्ला आणि अमेरिकेचे अध्यक्ष धाकटे जॉर्ज बुश टेक्सासमध्ये हातात हात घालून चालले. ते छायाचित्र पाहून अनेक अमेरिकन लोकांना नवल वाटले. आपल्याला त्यात नवल ते काय वाटणार? आपल्या गल्लीतही दोन मित्र एकमेकांचा हात धरून फिरतात.

दूरच्या देशांतील अशा गोष्टी वाचून आपण हसतो. आपल्या गावात, आपल्या शाळेत हेच घडते, तेव्हा मात्र ते हसण्यावारी नेता येत नाही.

आपल्या घरांत वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही अदब समजली जाते. अब्बा रागावले असताना मुलाने त्यांच्या डोळ्यांत पाहून उत्तर दिले, तर ‘आँखें दिखाता है?’ असे ऐकावे लागते. अनेक मराठी घरांतही ‘वर तोंड करून बोलू नकोस’ असे बजावतात. आता असे समजा, की वर्गाची काच फुटली आहे. ‘काच कोणी फोडली?’ असे विचारताच एक मुलगा जमिनीकडे पाहू लागतो. लगेच सगळे म्हणतात, ‘हा नजर चुकवतो आहे, म्हणजे यानेच फोडली.’ तोच मुलगा पुढे नोकरीच्या मुलाखतीला जातो. तेथेही तो साहेबांसमोर नजर खाली ठेवतो. साहेब मनात म्हणतात, ‘याला आत्मविश्वास नाही.’ घरी शिकवलेली अदब बाहेर गुन्हा ठरते, किंवा निदान दोष तरी ठरते.

खोटे बोलणारा माणूस नजर चुकवतो, ही समजूत जगभर आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७५ देशांतील लोकांची मते पाहिली, तेव्हा हीच समजूत सर्वांत जास्त आढळली. पण ती खरी आहे का? बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक नमुन्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केले. खोटे बोलणे आणि नजर चुकवणे यांचा भरवशाचा संबंध त्यांना आढळला नाही. मग केवळ खाली गेलेल्या नजरेवरून कोणाला दोषी ठरवणे न्यायाचे कसे होईल?

नमस्काराच्या बाबतीतही असे गैरसमज होतात. मराठी हिंदू घरांत थोरांच्या पाया पडण्याची रीत आहे. मुसलमान मूल सहसा पाया पडत नाही. ते सलाम करते. त्यावरून ते उद्धट ठरत नाही. त्याचप्रमाणे आपण हात पुढे केला आणि समोरच्या गृहस्थांनी हात न मिळवता दोन्ही हात जोडले, तर ते आपल्याला दूर ठेवत आहेत, असे आपणही समजू नये. सलाम आणि नमस्कार या दोन्हींत आदरच असतो.

काही जण म्हणतील, ‘जगात वावरायचे असेल तर मुलांनीच बदलावे.’ यात थोडे तथ्य आहे. मुलाखतीत विचारणाऱ्याकडे पाहून शांतपणे उत्तर द्यावे, हे प्रत्येक मुलाने व मुलीने शिकावे. मराठी शिकल्याने आपण उर्दू विसरत नाही. तसेच बाहेरची रीत शिकल्याने घरची अदब सुटत नाही. कोठे कोणती भाषा बोलावी, हे कळले म्हणजे झाले.

पण सगळा भार मुलांवरच टाकणे योग्य नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातात निर्णय असतो, म्हणून त्याची जबाबदारी मोठी आहे. शिक्षकाने, साहेबाने, पोलिसाने केवळ एका खुणेवरून माणसाची परीक्षा करू नये. त्याचे म्हणणे ऐकावे, दोन प्रश्न जास्त विचारावेत.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षक होईल, कोणी अधिकारी होईल. तेव्हा तुमच्यासमोरही एखादे मूल मान खाली घालून उभे राहील. त्याच्याविषयी मत बनवण्यापूर्वी, त्याच्या घरी त्याला काय शिकवले आहे, एवढे अवश्य विचारा.