रंगाखालचे लोखंड

जुनी वास्तू विकत घेताना शहाणा मनुष्य भिंतींचा रंग पाहत नाही. तो पाया आणि तुळया पाहतो. जुन्या मोटारीच्या बाबतीत मात्र भलेभले याच्या नेमके उलट वागतात. आधी रंग, मग आसनांची खोळ आणि पैसे उरलेच तर गाडीच्या पोटाखाली एक नजर! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी मग तिची अवस्था होते.

रावपुऱ्यातील आमच्या एका स्नेह्यांच्या दारी त्यांच्या वडिलांची १९६८ सालची फियाट ११०० उभी असते. नातीच्या लग्नात वधूवरांची पाठवणी आजोबांच्याच गाडीतून व्हावी, ही घरातील सर्वांची हौस. गाडी एका गॅरेजात रंगवून आणली. परंतु ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढ घेई. "सर, रंग तर आरशासारखा झाला, मग ही वाकडी का चालते?" असे त्यांनी आम्हांस विचारले. दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनी गाडी उचलून पुढील भागात पेचकस टोचला, तो रंगाचा पापुद्रा फोडून सरळ आत गेला. गंजावरच पत्र्याचे ठिगळ जोडून वर काळा रंग फासलेला होता.

येथे थोडे यंत्रज्ञान सांगणे अगत्याचे आहे. जीपसारख्या वाहनास तुळयांची स्वतंत्र चासी असते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास बांधलेल्या या फियाटला तशी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा आणि त्यास जोडलेल्या पोकळ पेट्या हाच तिचा सांगाडा. पुढच्या चाकांचे हात आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा यांचा सारा भार त्यावर येतो. तोच खिळखिळा असेल, तर नवे बुश, नवे किंगपिन, नवे शॉक अब्सॉर्बर सारेच व्यर्थ. २०१९ आणि २०२४ साली विश्वामित्रीचे पाणी आपल्या शहरात शिरले, हे वाचकांस आठवत असेलच. अशा पाण्याबरोबर आलेला गाळ या पेट्यांत साचून राहिला, की गंज आतून खात येतो. बाहेरून तो दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मिस्त्रींनी गाडी घोड्यांवर भक्कम टेकवून मग मापे घेतली. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या जोडबिंदूंपासून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि कर्ण मोजले. समोरासमोरच्या बाजू समान असून दोन्ही कर्णही समान असतील तर चौकोन काटकोनी, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्याचा असा रोकडा उपयोग पाहून धन्यता वाटली. कर्णांत फरक निघाला. सांगाडा तिरका झाला होता!

उपाय एकच: सांगाडा सरळ करावयाचा, गंजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून काढावयाचा आणि तितक्याच जाडीचा पत्रा जोडावयाचा. तत्पूर्वी बॅटरी सोडवून पेट्रोलची टाकी उतरवावी लागते. दाबलेली स्प्रिंग तर योग्य साधनावाचून कोणीही काढू नये. ती सुटली तर जीवघेणी ठरते. अखेरीस पेट्यांची पाणी निथळण्याची भोके मोकळी करून आत गंजरोधक सोडावे आणि किंगपिनास वेळच्या वेळी ग्रीस द्यावे. एवढे काम मुहूर्तापूर्वी होणे नव्हते. आमच्या स्नेह्यांनी मन घट्ट केले. पाठवणी दुसऱ्या गाडीतून झाली.

यात कायद्याचाही एक मुद्दा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खाजगी वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते; मात्र चासी, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा कापाकापीपूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत आणि परिवहन कार्यालयात विचारणा करावी. शिवाय अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही ध्यानी असावे.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. तेथील झळाळी पाहून ज्यांच्या मनात घरची जुनी गाडी पुन्हा उभी करण्याची ऊर्मी आली असेल, त्यांनी रंगाऱ्याकडे जाण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे. वडिलांची आठवण गाडीच्या रंगात असेलही. परंतु तीत बसणाऱ्या मुलानातवंडांचा जीव खालच्या लोखंडावर असतो.